उकाईचं चालणं

ऑफिसातला जुना टेलिफोन वाजला की शक्यतो कुणी उचलत नसे. इबुकी सव्वीस वर्षांची, कोणताही प्रोग्राम उलगडून पुन्हा जुळवून देणारी, पण त्या टेलिफोनची घंटा वाजली की पोरगी खुर्चीत अंग चोरून बसायची. त्या मंगळवारी ऑफिसचा मालक कुसाका खाली टपाल आणायला गेला होता, म्हणून चित्रं काढणाऱ्या होसोमीने पेन्सिल कानावर खोचली आणि रिसीव्हर उचलला. "मी उकाईची आई बोलतेय, ताकेफूहून," पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, सावकाश आणि स्पष्ट, कागदावर लिहून आणलेलं वाचावं तसा. "माझा हिरोमु ऑगस्टमध्ये गेला. डोक्यातली शीर फुटली. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं, माफ करा हं." होसोमी काहीतरी बोलली असावी, कारण बाई पुढे म्हणाल्या, "गुरुवारी मी क्योतोला येतेय. त्याच्या अस्थी थोड्या ओतानीच्या समाधिस्थळी ठेवायच्या आहेत. ते झालं की अकराच्या सुमारास तुमच्याकडे आले तर चालेल का? तुमच्या खेळात तो चालतो म्हणे. मला ते एकदा बघायचंय. डोळे शाबूत आहेत माझे अजून." होसोमी म्हणाली, "या ना, आई. अवश्य या." रिसीव्हर ठेवल्यावर तिला आधी सुचलं ते हे, की चहाची पत्ती संपत आली आहे. मग उकाई मेला हे कळलं. आणि त्यानंतर, कुसाका जिना चढून वर येईपर्यंत, तिच्या लक्षात आलं, की त्या बाई जे बघायला येणार होत्या ते आता कुठेच नव्हतं. ते तिने स्वतः पुसून टाकलं होतं.

ऑफिस म्हणजे क्योतोच्या निशिजिन या विणकरांच्या वस्तीत, एका गल्लीतल्या रंगाऱ्याच्या बंद दुकानावरचा माळा. शेजारच्या घरात अजून एक माग चालतो, त्याची खटखट सकाळी नऊला सुरू होते आणि भिंतीतून आरपार येते. आता तिघंच उरलेत. तेव्हा सहा जण होते, आणि सहाही जणांना वाटत होतं की हा संगणकावरचा खेळ दोन वर्षांत बाजारात येईल. त्याला आता आठ वर्षं झाली. खेळ एका धारवाल्याचा. सुऱ्या-कात्र्यांना धार लावत तो एका दरीतल्या गावागावांतून पायी हिंडतो, बाकी काही नाही. मारामारी नाही, राक्षस नाही. लोक त्याला आपापल्या कात्र्यांच्या गोष्टी सांगतात आणि तो पुढे जातो. कुसाकाचं म्हणणं असं, की खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दहा तास जर नुसता एक माणूस चालणार असेल, तर त्याचं चालणं असं हवं की दहा तास बघवलं पाहिजे. ते काम होसोमीकडे आलं. बारा चित्रं. बारा चित्रांत दोन पावलं, आणि तीच पुन्हा पुन्हा. मोठ्या कंपन्यांत यासाठी माणसाच्या अंगावर चमकत्या बारीक गोळ्या चिकटवून त्याची हालचाल यंत्रांनी टिपतात म्हणे. इथे यंत्र म्हणजे होसोमीचे डोळे. आणि डोळ्यांसमोर, टेबलापासून किटलीपर्यंतच्या अरुंद वाटेत, दिवसातून सात-आठ वेळा उकाई चालत असे.

त्याचा डावा पाय किंचित उशिरा पडायचा. लंगडा म्हणावा असा नव्हता. डावं पाऊल जमिनीपर्यंत यायचं, क्षणभर थबकायचं, जमीन आहे ना याची खात्री करायचं आणि मग टेकायचं. त्या क्षणभरात डावा खांदा जरा खाली यायचा, मानही सैल व्हायची. तो पार्श्वभूमी रंगवायचा. डोंगर, भाताची खाचरं, ओलसर भिंती. बोलणं बेताचं. होसोमीने त्याला सहा महिने बघितलं. समोरून नाही, मागून, बाजूने, किटलीच्या स्टीलवरच्या वेड्यावाकड्या प्रतिबिंबात. जेवायला शेवयांच्या दुकानात सगळे निघाले की ती मुद्दाम मागे राहायची. मागे राहून आपण त्याच्या टाचांकडे बघतोय हे कुणी ओळखेल म्हणून तिचे कान तापायचे, आणि तरीही ती बघायची. ते प्रेम होतं का, असं तिने स्वतःला एकदा विचारलं होतं. आज इतक्या वर्षांनी त्याचा चेहरा आठवायला गेलं तर नीट आठवत नाही. नाक कसं होतं? चष्मा होता, हे नक्की. पण डाव्या सपातेचा चवडा कसा झिजला होता हे मात्र ती आत्ता, या क्षणी, डोळे मिटून काढून दाखवील. एखाद्या माणसाचं असं एवढंच घ्यायचं आणि बाकीचा माणूस तसाच सोडून द्यायचा, याला काय म्हणतात?

शुक्रवारी दुपारी आठवड्याचं काम सगळ्यांना दाखवायची पद्धत होती. पडद्यावर धारवाला चालू लागला. कुसाका हातातला पाव हलवत ओरडला, "अरेच्चा! हा तर आपला उकाई!" आणि उठून किटलीपर्यंत तसा चालून आला. सगळे हसले. वाईट कुणीच नव्हतं, कुसाका तर माणूस म्हणून सोनं, पण त्या दुपारी सहाजण हसले आणि त्यांतला सहावा स्वतः उकाई होता, मानेपर्यंत लाल झालेला. होसोमीही हसली. खरं म्हणजे सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. आपलं काम ओळखलं गेलं याचा तो आनंद होता, असं नंतर तिने स्वतःला हजारदा बजावलं. पण हसू ते हसूच, आणि खोली लहान होती.

सोमवारपासून उकाई निराळा चालू लागला. डावं पाऊल वेळेवर पडू लागलं, म्हणजे तो ते वेळेवर पाडू लागला. खांदा ताठ. किटलीपर्यंतची वाट तो आता एखाद्या अनोळखी घरात चालावं तशी चालायचा. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसेल. होसोमीच्या लक्षात आलं, कारण तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. पडद्यावर जुना उकाई दिवसभर चालायचा आणि खोलीत हा नवा, मोजून पावलं टाकणारा. वर्षभराने त्याने सगळ्यांपुढे वाकून सांगितलं की आई एकटी आहे, गावी परत जातोय. गोड वड्यांचा एक डबा ठेवून तो गेला. डब्यातली आपल्या वाट्याची वडी होसोमीने खाल्ली नाही, ती खणात ठेवली आणि तिथेच ती दगड झाली.

त्यानंतर ते चालणं तिला बघवेना. सकाळी संगणक सुरू केला की तो चालत समोर यायचा. त्या डिसेंबरात तिने कुसाकाला सांगितलं, की धारवाल्याची चाल मी नव्याने काढते. "का गं? छान तर आहे," कुसाका म्हणाला. "कच्ची वाटते," ती म्हणाली. आणि कुसाकाच्या ऑफिसात वर्षअखेरीच्या साफसफाईचा एक खास नेम होता. पायऱ्या पुसायच्या, कागदी पडद्यांना नवा कागद लावायचा, आणि त्याबरोबर खेळाच्या जुन्या प्रतीही पुसून टाकायच्या, सगळ्या, मागच्या वर्षांची एकही ठेवायची नाही. जुनं घरात राहिलं की नवा खेळ अंग धरत नाही, अशी त्याची श्रद्धा होती. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात असं करणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. इबुकी तेव्हा नुकतीच आली होती, अंगात हुरूप होता. "समूळ ना, होसोमीसान?" तिने विचारलं होतं. "समूळ," होसोमी म्हणाली होती. कागदावरची बारा चित्रं तिने स्वतः जुन्या कॅलेंडरांबरोबर रद्दीत बांधली. पांढऱ्या सुतळीची गाठ मारताना तिला हलकं वाटलं होतं. हेही तिला आता आठवलं, आणि स्वतःची शिसारी आली.

"मग आहे ती नवी चाल दाखवू," कुसाका म्हणाला. उकाई गेल्याचं ऐकून तो बराच वेळ टपाल हातात धरूनच उभा होता, डोळे पुसून झाले होते, आता त्याला काहीतरी मार्ग काढायचा होता. "म्हातारी बाई. तिला काय कळणार? आपण म्हणू, हाच तो."

"त्यांचा मुलगा आहे, कुसाकासान."

"ते खरं गं. पण मग काय फोन करून सांगणार, की येऊ नका, पुसला आम्ही त्याला?"

"मी पुन्हा काढते."

"दोन दिवसांत? आठवणीवर?"

"बाराच तर चित्रं," होसोमी म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःच्या आवाजातली घमेंड ऐकू आली आणि तिने कोरा कागद पुढे ओढला.

मंगळवारभर आणि बुधवारभर तिने काढलं. माग खटखटत होता. हाताला बारा चित्रांची वाट माहीत होती, म्हणून हात भराभर चालत होता, आणि नेमकं तेच भीतीदायक होतं. हाताला तिची चित्रं आठवत होती, उकाई नव्हता आठवत. ती डोळे मिटून त्याला टेबलापासून किटलीपर्यंत पाठवायची, तर तो जायचा तो ताठ खांद्याने, पावलं मोजत, त्या शुक्रवारनंतरचा. आधीचा उकाई तिने निर्धास्त बघितला होता, आणि निर्धास्तपणे बघितलेलं निसटून गेलं होतं. नंतरचा तिने अपराधी मनाने बघितला, तो हाडात रुतून बसला. ती त्याला मागे रेटायची, शेवयांच्या दुकानाच्या वाटेवर न्यायची, नोव्हेंबरातली दुपार, त्याच्या हातात दुमडलेलं वर्तमानपत्र, समोरून सायकलवर भाजीवाली येते आणि तो बाजूला होतो. वर्तमानपत्र दिसायचं, भाजीवालीच्या सायकलला बांधलेले मुळे दिसायचे. पाऊल येईना. बाजूला होताना तो वळून बघायचा, आणि होसोमी दचकून डोळे उघडायची. तेव्हा तो कधीच वळला नव्हता.

बुधवारी दुपारी ती स्वतः वाटेत चालून बघू लागली. इबुकीला मोबाइल देऊन म्हणाली, मागून टिपून घे. चार वेळा गेली, चार वेळा आली. "होसोमीसान, तुमचा गुडघा दुखतोय का?" इबुकीने विचारलं. मग जरा घुटमळत म्हणाली, "ते उकाईसान, मी त्यांना फक्त दोनच आठवडे बघितलं. जाताना त्यांनी मला त्यांची खुर्ची दिली. म्हणाले, उजवीकडे रेलू नकोस, मोडेल." होसोमीने वळून खुर्चीकडे बघितलं. इबुकी दोन वर्षं त्या खुर्चीत बसतेय, आणि आपण त्या खुर्चीकडे कधी बघितलंच नाही, फक्त तो तिच्यावरून उठून चालू लागला की बघायचं.

साडेपाचला बारा चित्रं पूर्ण झाली. डावं पाऊल उशिरा पडत होतं. किती उशिरा, ते तिने ठरवलं होतं, चित्रं मोजून. कुसाकाने बघितलं आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. "हाच गं," तो म्हणाला. "हाच आपला उकाई." इबुकीने ती खेळात बसवली. होसोमी बघत राहिली. कुठेतरी खांदा तिला खटकत होता, पण कुठे ते हाताला धरता येत नव्हतं.

गुरुवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. होसोमीने कान दिले. दोन्ही पावलं सारखी पडत होती, बारीक आणि निश्चयी. उकाईच्या आई ठेंगण्या होत्या, काळ्या पोशाखात, हातात त्यांच्याकडच्या तांदळाच्या मिठाईचा खोका. बूट काढून त्यांनी सपाता घातल्या, वाकून नमस्कार केला, तिघांनीही केला, मग पुन्हा त्यांनी केला. "सकाळी पोचवून आले त्याला," त्या म्हणाल्या. "डोंगरावर आहे, ऊन चांगलं येतं तिथे." चहा झाला. नवी पत्ती इबुकीने आणली होती. आई खोलीभर नजर फिरवत होत्या, किटली, वाट, टेबलं, सगळं ओळखीचं असल्यासारखं बघत होत्या. त्याने घरी सांगितलं असणार.

पडद्यावर धारवाला चालू लागला, मोकळ्या करड्या पार्श्वभूमीवर, जागच्या जागी. आई पुढे वाकल्या.

"हा पुढे का जात नाही?"

"ही नुसती चाल आहे, आई," कुसाका लगबगीने म्हणाला. "नंतर रस्त्यावर सोडतो आम्ही त्याला."

"अस्सं." त्या बघत राहिल्या. शेजारचा माग थांबला होता, बहुतेक धागा तुटला असावा. "हो," त्या म्हणाल्या. "हिरोमुच आहे. चौथीत मुलं हसली होती त्याला, तेव्हापासून बाहेर तो असाच चालायचा. पाऊल उशिरा पडतंय ना, पण बघा, किती उशिरा पडतंय तेसुद्धा मोजून टाकतोय. कुणीतरी बघतंय हे त्याला ठाऊक आहे." होसोमी पडद्यावरचा खांदा बघू लागली. "घरी नाही हो असा चालायचा. घरी, बांधावर, अगदी मोकळा. दर वेळी निराळं पडायचं पाऊल. मागच्या ओबोनला, पितरांच्या सणाला, मला म्हणाला, आई, ऑफिसात एकीने माझं घरातलं चालणं काढलंय. मला कळलंच नाही ती कधी बघत होती. पडद्यावर बघितलं आणि वाटलं, आपण बाहेरही असे चाललो तर चालेल की." आई हसल्या. "मग म्हटलं, असा चालत का नाहीस? तर म्हणाला, प्रयत्न करतो गं, पण प्रयत्न केला की येत नाही. सगळे हसले म्हणे तेव्हा, एक ती सोडून. काढणारी तेवढी हसली नाही म्हणाला." त्यांनी तिघांकडे बघितलं. "कोण ती?"

"मी," होसोमी म्हणाली.

आईंनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की तिला जिन्यावरून खाली पळून जावंसं वाटलं. तोंडात दोन वाक्यं होती. त्यातलं एकच बाहेर आलं. "आई, ते चित्र आता नाहीये. मी पुसून टाकलं, दोन वर्षांपूर्वी. हे मी काल आठवून काढलंय. ते परत येत नाही मला." दुसरं वाक्य, मी हसले होते, सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते, ते तिने गिळलं. ते सांगितलं असतं तर उकाईने जपलेली शेवटची गोष्टही पुसली गेली असती. की स्वतःलाच वाचवलं तिने? हे तिला पुढे कधीच ठरवता येणार नव्हतं. कुसाका जमिनीकडे बघत होता. त्यालाही आठवत होतं कोण कसं हसलं ते.

"हो का," आई म्हणाल्या. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मग म्हणाल्या, "रस्त्यावर सोडता येतो म्हणालात ना?"

इबुकीने खेळ सुरू केला. दरीतली वाट आली, उकाईनेच रंगवलेले डोंगर, ओलसर बांध. कंट्रोलर आईंच्या हातात देऊन तिने त्यांचा अंगठा त्या लहानशा दांडीवर ठेवला. "पुढे ढकललं की चालेल तो." आईंनी ढकललं. धारवाला दोन पावलं चालला, मोजलेली, आणि त्यांनी अंगठा काढला. तो थांबला.

"एक सांगू का," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण नाही म्हणायची सोय नव्हती. "तुम्ही सगळे जरा पाठ करून उभे राहाल? तो लहान होता तेव्हाही मी असंच करायचे. माणसं आली की म्हणायचे, अहो जरा तिकडे बघा, मग तो येईल बाहेर."

कुसाका आधी वळला. मग इबुकी. होसोमी वळली तेव्हा तिच्या समोर भिंत होती, तिच्यावर चालू सालाचं कॅलेंडर आणि त्याखाली एक जुना खिळा. मागे खुर्ची किंचित करकरली. मग पावलं वाजू लागली. पाऊल जमिनीला टेकतं त्या चित्रावर आवाज बांधलेला असतो, चित्र आलं की आवाज येतो. चित्रं तिची होती, उशीर किती ते तिने मोजून ठरवलं होतं, आणि प्रत्येक फेरीत तो तेवढाच असायला हवा होता. उजवं. मग डावं, उशिरा. उजवं. डावं, आता जरासंच उशिरा. उजवं. आणि डावं येईचना, येईचना, मग आलं, सहज, कुणाचीही तमा न बाळगता. म्हातारीचा अंगठा दांडीवर घसरत असेल. सवय नाही त्यांना. तसंच असेल. पावलं बांधावरून जात होती, थांबत होती, पुन्हा निघत होती, दर वेळी निराळी, आणि ती होसोमीला ओळखीची होती, टेबलापासून किटलीपर्यंत, शेवयांच्या दुकानापर्यंत, सहा महिने तिने हीच ऐकली होती. आता वळलं तर ते चालणं परत मिळेल, बाराच चित्रं, एकदा दिसलं की हात पुन्हा विसरणार नाही. शेजारी कुसाका तोंडावर हात धरून रडत होता. इबुकीने हळूच तिच्या बाहीला धरलं.

"हं," मागून आई कुणाशीतरी बोलल्यासारखं म्हणाल्या. "हं. असा."

होसोमीने दोन्ही हात भिंतीला टेकले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.